ते नवं नाही, असं मी सांगितलं

मागच्या पंधरवड्यापर्यंत ही गोष्ट जगात एकट्या मला माहीत होती. नवऱ्याला सांगितली नव्हती. मुलीला वाटतं, आई आपल्यापासून काही लपवत नाही — तिलाही नाही. बाबांना सांगायला हवी होती, ते न ऐकताच गेले. मग आता का सांगतेय, असं तुम्ही विचाराल. सांगते. पण जरा आडवाटेनं येऊ द्या. सरळ यायला गेले की मी मधूनच परत फिरते, असं आजवर किती वेळा झालं आहे.

मी बौद्धिक संपदेच्या कायद्यातली. पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क — आणि अलीकडे तंत्रज्ञानाचा कायदा, म्हणजे सॉफ्टवेअर, डेटा वगैरे. आधी बरीच वर्षं पूर्णवेळ शिकवलं. आता नागपुरात स्वतःचं ऑफिस आहे, लोकांचे पेटंटचे अर्ज करते, आणि आठवड्यातून दोन दिवस वर्ग घेते. विद्यार्थ्यांत माझ्याबद्दल एक वाक्य चालतं, माझ्या कानावर आलेलं आहे — मॅडम देवाला भीत नाहीत, तारखेला भितात. खरं आहे. माझ्याकडे दोन डायऱ्या असतात, फोनमध्ये गजर असतात, आणि तरीही प्रत्येक अर्जाची शेवटची तारीख मी ऑफिसातल्या मुलींकडून तोंडी वदवून घेते. मुली वैतागतात. एकीनं एकदा विचारलं, ही शिस्त तुम्हाला कुणी लावली? मी म्हटलं, माझ्या गुरूंनी.

गुरूंनी नाही लावली. याकूबचाचांमुळे लागली. आणि तिला शिस्त म्हणणं हेही एक खोटंच.

माझं गाव वणी. बाबा कोळसा खाणीच्या काटाघरावर बाबू होते. रिकामा ट्रक आत येताना त्याचं वजन, भरून बाहेर पडताना वजन, आणि हातात पावती — बाबांचं सगळं आयुष्य त्या खिडकीत गेलं. त्यामुळे चंद्रपूरच्या रस्त्यावर धावणारा जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर आणि मिस्त्री त्यांच्या ओळखीचा. त्यातलेच एक याकूबचाचा. ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं त्यांचं, गावाबाहेर रस्त्याला लागून. बुटके, शांत, बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायचे, जणू ग्रीस किती दाट आहे ते बघताहेत. बाबांना ते बाबूसाहेब म्हणत. बाबांशी त्यांची दोस्ती अशी, की ईदेला आमच्याकडे शिरखुर्म्याचा डबा यायचा आणि दिवाळीला आमचा डबा तिकडं जायचा, आणि दोन्ही डबे कधी रिकामे परत जायचे नाहीत.

त्यांचे धाकटे भाऊ सलीमभाई ट्रकवर होते. कोळसा भरला की त्यावर ताडपत्री बांधावी लागते, नाहीतर वाटभर भुकटी उडते. ती बांधायला माणूस ढिगावर चढतो. एका दुपारी वारं सुटलं, ताडपत्रीत हवा भरली, आणि तिनं सलीमभाईंना उचलून खाली टाकलं. कमर गेली. त्यानंतर ते काठी टेकत गॅरेजपर्यंत यायचे आणि दिवसभर लोखंडी खाटेवर बसून असायचे.

याकूबचाचांनी तेव्हा एक प्रश्न विचारला होता. बाबांनी तो मला इतक्या वेळा सांगितला, की मी स्वतः ऐकल्यासारखा आठवतो. "माणसानं वर चढाचंच काहून?"

दोन वर्षं ते त्यामागे लागले. ट्रकच्या हौद्याच्या दोन्ही कडांवर रूळ बसवले, त्यावर सरकणाऱ्या पाइपच्या कमानी, कमानींवर ताडपत्री. खाली उभं राहून हँडल फिरवायचं, की ताडपत्री मागून पुढं पसरत जायची. पण कोळशाचा ढीग काही सपाट नसतो. मधे उंचवटा आला की कमान अडायची. तीनदा मोडून पुन्हा केलं. शेवटी सलीमभाईच खाटेवरून म्हणाले, भाईजान, तुमी तिले दाबून काहून राह्यले? तिले उचलू द्या. मग प्रत्येक कमानीच्या पायात स्प्रिंग आल्या. ढीग लागला की कमान आपोआप वर व्हायची आणि पुढं जाऊन पुन्हा बसायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सव्वीस वर्षांची होते. एलएलएम झालेलं, पेटंट एजंटची परीक्षा नुकतीच पास झालेली, दिवाळीला घरी आलेली. बाबा मला गॅरेजवर घेऊन गेले. याकूबचाचांनी ट्रक असा लावला, की हँडल सलीमभाईंच्या खाटेजवळ यावं. आणि त्यांनी — ज्यांना ताडपत्रीनं खाली टाकलं होतं, त्यांनी — बसल्या जागेवरून एका हातानं हँडल फिरवलं. भरलेल्या ट्रकवर ताडपत्री पसरत गेली. कुणीही वर चढलं नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. मी काय बोलते इकडे.

मी म्हटलं, चाचा, याचं पेटंट होऊ शकतं.

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी शोध घेतला. ताडपत्री ओढणारी यंत्रं बाहेरच्या देशांत होती, पण ती सपाट मालासाठी. आपणहून उचलली जाणारी कमान कुठंच नव्हती. मी पुन्हा पुन्हा शोधलं. नव्हतीच. म्हणजे ती वस्तू नवी आहे, हे मला नक्की माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा — पुढं जे सांगणार आहे, ते मी माहीत असून केलं.

मी त्यांच्या वतीनं तात्पुरता अर्ज केला. हा अर्ज म्हणजे कल्पना आपली आहे, असं सांगून एक तारीख आपल्या नावावर लावून घेणं. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत सगळ्या तपशिलांसह, आकृत्यांसह पूर्ण अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, तर पहिला अर्ज सोडून दिला असं धरतात. मी हे दोघा भावांना नीट समजावून सांगितलं. आणि म्हटलं, आता तारीख आपल्या हातात आहे, आता बिनधास्त कोणालाही दाखवा.

त्यांनी दाखवलं. माझ्या भरवशावर दाखवलं. ओळखीच्या तीन ट्रकांना ते यंत्र बसवून दिलं, तालुक्याच्या प्रदर्शनात मांडलं, बघायला येईल त्याला हँडल फिरवायला दिलं. याकूबचाचांनी पत्र्याच्या छोट्या पाट्या केल्या, अक्षरं एकेक ठोकून — याकूब सलीम, वणी — आणि प्रत्येक यंत्रावर एकेक पाटी स्क्रूनं बसवली. गॅरेजमधल्या नमुन्यावरही.

आणि मी? मला दूरच्या एका शहरात नामांकित संस्थेत नोकरी लागली. पीएचडी सुरू झाली. परदेशातल्या एका परिषदेत निबंध वाचायला बोलावणं आलं. विषय काय होता सांगू? लहान गावांतले संशोधक आणि पेटंटचा कायदा. मी त्या निबंधावर पाच महिने राबले. त्याच पाच महिन्यांत सलीमभाईंनी काढलेल्या आकृत्या बाबांनी पोस्टानं पाठवल्या होत्या — जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलनं, मापांसकट. गुंडाळी माझ्या कपाटावर होती. मी ती उघडलीसुद्धा नव्हती. याकूबचाचांचा फोन यायचा. "बेटा, त्या कागदाचं काय होऊन राह्यलं?" मी म्हणायची, चालू आहे चाचा. ते म्हणायचे, हाव, हाव, आरामात कर, आणि फोन ठेवायचे. त्यांना वाटायचं, आपण शिकलेल्या पोरीला त्रास देतोय.

मला कळलं ते वर्गात. पुढच्या वर्षीची दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडलेली. मी फळ्यावर तात्पुरत्या अर्जाचं कलम लिहीत होते. "बारा महिने" असं लिहिलं, आणि खडू तिथंच थांबला. मनातल्या मनात मोजलं. बारा महिने उलटून चाळीसच्या वर दिवस झाले होते. समोर साठ मुलं. मी त्या शब्दांखाली रेघ ओढली आणि पुढं शिकवत राहिले. मुलांना काही कळलं नाही. मी त्या दिवशी चांगलं शिकवलं, हेही मला आठवतं.

आता, चूक कुणाच्याही हातून होते — असं तुम्ही म्हणाल. मीही ते स्वतःला पुष्कळ वेळा म्हटलं. पण ही मुदत वाढवून मिळत नाही. नवा अर्ज करावा, तर वस्तू आता वर्षभर लोकांसमोर होती, माझ्याच सांगण्यावरून. जी वस्तू जगानं पाहिली ती कायद्याला नवी राहत नाही. म्हणजे दार बंद. आणि ते मी बंद केलं होतं. तेव्हा डोक्यात काय काय आलं — नोकरी अजून कच्ची आहे, तक्रार झाली तर काय, बाबांना वणीत तोंड दाखवता येईल का. ही कारणं म्हणून देत नाही. त्या वेळी आत काय चाललं होतं, एवढंच. तीन महिने मी याकूबचाचांचे फोन उचलले नाहीत.

होळीच्या सुट्टीत घरी गेले. बाबा म्हणाले, याकूब विचारून राह्यला, जाऊन ये एकदा. मी एकटी गेले. सकाळची वेळ होती. याकूबचाचा एका ट्रकखाली होते, मला बघून बाहेर आले, हात पुसले, खुर्ची झटकून दिली, चहा मागवला. सलीमभाई खाटेवर उठून बसले. चहा येईपर्यंत कुणी विषय काढला नाही. पाहुणीला चहाआधी कामाचं विचारायचं नाही, असे ते लोक.

मी काय ठरवून गेले होते? खरं सांगायचं ठरवून गेले होते का? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले, की हो, खरं सांगायलाच निघाले होते आणि ऐन वेळी जीभ वळली. पण नाही. वाक्य रस्त्यातच तयार झालेलं होतं.

मी म्हटलं, "चाचा, नामंजूर झालं. ते म्हणतात, हे नवं नाही. बाहेरच्या एका देशात आधीच आहे असं यंत्र."

याकूबचाचांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आहे? आपल्यावानीच?"

"हो."

"त्याचीबी कमान उचलते का?"

इथं मी थांबू शकले असते. नाही म्हटलं असतं, तर निदान कमान त्यांची राहिली असती. ते एवढंच विचारत होते — सगळं नाही तर नाही, पण तेवढं तरी आमचं आहे ना? सलीमभाई काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो चाचा. हुबेहूब."

ते बोटं घासत बसले. मग म्हणाले, "मंग आपण नक्कल केली म्हणा की."

"नाही चाचा. तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"मले माहीत नव्हतं. पण आता झालं ना माहीत." ते उठले, पेचकस घेतला, आणि गॅरेजमधल्या नमुन्यावरची पाटी काढली. चार स्क्रू. माझ्यासमोर. पाटी खिशात टाकून म्हणाले, ज्याचं आहे त्याचं नाव असलं पाह्यजे. आणि मग — हे मी कसं सांगू — माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू मनाले लावून घेऊ नको बेटा, तू तं लय मेहनत केली.

त्यांनी कागद मागितला नाही. नामंजुरीचं पत्र दाखव, असं म्हणाले असते तर? मी खोटं पत्र बनवलं असतं का? मला माहीत नाही. आणि ज्या बाईला हे माहीत नाही, ती मी आहे.

त्यानंतर त्यांनी ते यंत्र पुन्हा बनवलं नाही. लोक मागायला येत. ते सांगत, ते आपलं नाही, बाहेरच्या देशातलं आहे, आपल्याकडून चुकून झालं. तीन ट्रकांवरच्या पाट्याही त्यांनी जाऊन काढून आणल्या. नमुना भंगारात गेला. सलीमभाईंनी गॅरेजवर येणं हळूहळू बंद केलं. ट्रकवर माणसं चढतच राहिली. आजही चढतात, वणीहून निघताना मला दिसतात.

आणि माझं बरं चाललं. फार बरं चाललं. पीएचडी झाली, पुस्तकांत प्रकरणं आली, समित्यांवर नाव आलं. अजून एक सांगते, हे मला पहिल्या खोट्यापेक्षा जड जातं. मी ती गोष्ट वर्गात सांगू लागले. अर्ज करण्याआधी शोध का घ्यावा, याचं उदाहरण म्हणून. माझ्या गावच्या एका मिस्त्रीनं ताडपत्रीचं यंत्र केलं, बिचाऱ्यानं दोन वर्षं घातली, पण ते जगात आधीच होतं! मुलं हळहळायची. उदाहरण रंगायचं. दरवर्षी सांगत गेले. एका लेखात तळटीप म्हणूनही छापलं. माझ्या हाताखालून किती मुलं गेली, सगळ्यांना माझ्या तोंडून हेच माहीत, की वणीच्या त्या माणसानं दुसऱ्याचं केलेलं पुन्हा केलं.

का सांगत होते? मला वाटतं, शंभरदा सांगितलं की ते खरं होईल, असं कुठंतरी वाटत असावं. किंवा त्याहून साधं — लोकांना ते आवडायचं.

या वर्षी माझ्या वर्गात मीनाक्षी आत्राम नावाची मुलगी आहे. वणीजवळच्या झरी जामणीकडची, कोलाम आदिवासी. फार बोलत नाही. तिला मी एक काम दिलं होतं, जुन्या पेटंटांचा शोध कसा घ्यायचा त्याचा सराव. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक यंत्र निवडायचं. तिनं माझंच उदाहरण निवडलं. तासानंतर टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, ते ताडपत्रीचं परदेशी यंत्र सापडून नाही राह्यलं. सगळे देश पाह्यले मी. कमान उचलते असं त्या काळात कोणाचंच नाही. तुमाले देशाचं नाव आठवते का?"

मी म्हटलं, जुनी नोंद असेल, संगणकावर आली नसेल.

बघा. अठरा वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, समोर एक प्रामाणिक मुलगी वही घेऊन उभी — आणि मी तेच केलं. तेवढ्याच सहजपणे. ती "बरं" म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. माझं खोटं तिनं तिच्या सुबक अक्षरात लिहून घेतलं. ते मला बघवलं नाही. का बघवलं नाही, इतकी वर्षं बघवत होतं ना? दोन दिवसांनी गाडी काढली आणि वणीला गेले.

गॅरेज आता याकूबचाचांचा जावई चालवतो. चाचा घरी असतात. गेल्या काही वर्षांत नजर अधू झाली आहे. दोघे भाऊ ओसरीत ऊन घेत बसले होते. मी पाया पडले, समोर बसले, आणि आडवळण न घेता सांगितलं. अर्ज नामंजूर झालाच नव्हता. मी मुदत चुकवली. बाहेर कुठंही तसं यंत्र नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. एवढंच होतं ते, एका मिनिटाचं.

याकूबचाचांनी पहिल्यांदा विचारलं, "बाबूसाहेबाले माहीत होतं का?"

"नाही. कधीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाले. "माहा दोस्त खरा होता मंग."

मग म्हणाले, "म्हणजे ते कुठंच नव्हतं?"

"कुठंच नव्हतं चाचा. तुमचंच होतं. तुमच्या दोघांचं."

"मी तं लोकायले सांगत फिरलो," ते म्हणाले, माझ्याशी नाही, नुसतंच. "मशिदीत सांगतलं, स्टँडवर सांगतलं. पोट्टे मले कॉपीमास्तर म्हणत. मी म्हणो, म्हणू द्या, खरं आहे ते." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सलीमभाईंनी घरातून कागद मागवला. म्हणाले, लिहून द्या. मी लिहायला बसले. हे यंत्र याकूब आणि सलीम या दोघा भावांनी स्वतःच्या बुद्धीनं केलं, तेव्हा जगात तसं दुसरं नव्हतं, हे मला त्याच वेळी शोध घेऊन माहीत होतं. मग लिहिलं — माझ्या हातून चूक झाल्यामुळे पेटंट मिळू शकलं नाही. आणि वाचून दाखवलं.

सलीमभाई म्हणाले, "चूक खोडा."

मला समजलं नाही.

"चूक तं तारखेची होती. ते माफ. कोणाचीबी होते. खोटं बोलली असं लिहा. तुमी वकील आहा, तुमाले शब्द कळतात."

मी खोडलं. लिहिलं, "मी त्यांच्याशी जाणूनबुजून खोटं बोलले." खाली सही केली, नाव लिहिलं, त्या दिवशीची तारीख घातली. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाला काही किंमत नाही, पेटंट आता मिळणार नाही, हेही सांगितलं. चाचा म्हणाले, किमतीसाठी नाही घेऊन राह्यलो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, दिसलं नाही. मला पुन्हा वाचायला लावला. मग घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं — मुलगी, जावई, नातवंडं — आणि तिसऱ्यांदा वाचायला लावला. मी वाचला. तो माझा कबुलीजबाब राहिलाच नव्हता, त्या घरानं तो आपला करून घेतला होता. सलीमभाईंची मान वर होती. मी त्यांना तसं बसलेलं एकोणीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

निघताना याकूबचाचा म्हणाले, "आज चाय नाही पाजत तुले."

मी म्हटलं, हो चाचा.

पुढच्या तासाला वर्गात सांगितलं, नावानिशी, सगळं. तळटीप चुकीची आहे आणि ती चूक जाणूनबुजून केलेली आहे, असं त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहून कळवलं. नवऱ्याला सांगितलं, तो अजून पुरतं बोलत नाही. मुलीला तुमच्यानंतर सांगणार आहे. मीनाक्षीनं वर्गात एकच विचारलं — मॅडम, मग परवा माझ्याशी काहून खोटं बोलल्या? मी म्हटलं, सवयीनं. तिनं हेही वहीत लिहून घेतलं असावं. घ्यावं तिनं.

एक सांगायचं राहिलं. सांगायला संकोच वाटतो, पण आता तेही ठेवून घेत नाही. त्या दिवशी वणीहून निघाले, तेव्हा मला वाटलं होतं, वाटेत कुठंतरी गाडी थांबवून रडेन. तसं काही झालं नाही. वरोऱ्याच्या अलीकडे मला भूक लागली. साधी, पोटातली, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी. अंगावरून काहीतरी उतरलं होतं, आणि ज्यांच्यावर मी ते घातलं होतं त्यांच्या घरून मी नुकतीच निघाले होते, हे दोन्ही मला कळत होतं. मी ढाब्यावर थांबले. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी मागवली. दुसरी भाकर मागितली. तिसरीही.

पोटभर जेवले.